बिल्ल्यावरचा नंबर: कष्टकऱ्यांचा इतिहास नेटवर कसा शोधायचा?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. आमच्या घरी जेवताना त्यावर बोलणं चाललं होतं, कामाचे तास, ओव्हरटाइम, रजा, तेवढ्यात बारावीतल्या भाचीनं विचारलं, "मामा, पण रविवारची सुट्टी मुळात मिळवली कुणी?"

मी नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव सांगितलं. तिनं लगेच फोनवर शोधलं. एकच मजकूर पंधरा-वीस ठिकाणी, शब्दन्शब्द सारखा, वर तोच फोटो. तिनं फोन उलटा ठेवला आणि म्हणाली, "एवढंच आहे?"

एवढंच नाही, खूप आहे. पण ते का दिसत नाही, हे मलाही बरीच वर्षं कळत नव्हतं. माझे आजोबा खडकीतल्या एका कारखान्यात होते. त्यांच्या ट्रंकेत एक पितळी बिल्ला सापडला. त्यावर नाव नाही, फक्त नंबर. तो हातात घेऊन मी नेटवर "पुणे कामगार इतिहास" असं शोधलं, तर वर आल्या नोकरीच्या जाहिराती. पुढे हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली, आणि हा लेख त्या एका गोष्टीसाठीच लिहितो आहे: कष्टकऱ्यांचा इतिहास नेटवर आहे, पण कष्टकऱ्यांच्या नावानं ठेवलेला नाही. तो कलेक्टरच्या, आयोगाच्या, नियतकालिकाच्या, फोटोग्राफरच्या नावाखाली ठेवलेला आहे. त्या नावांनी हाक मारली तरच तो ओ देतो.

गाळा आणि गोदाम

मार्केट यार्डात गेलात की गाळ्याच्या तोंडाशी रचलेला माल दिसतो. मागे गोदामात किती पोती आहेत, ते दिसत नाही. त्यासाठी आत जाऊन दिवाणजीला विचारावं लागतं आणि तो वही उघडतो. गुगलचं पहिलं पान म्हणजे गाळ्याचं तोंड. ज्याला मागणी जास्त, तो माल पुढे. लोखंड्यांवरचा तो एकच मजकूर वीसदा दिसतो तो म्हणूनच.

डिजिटल संग्रह म्हणजे गोदाम: जुनी पुस्तकं, अहवाल, फोटो, ध्वनिमुद्रणं यांच्या प्रती काढून नीट नोंदी करून ठेवलेली जागा. गुगल अशा प्रत्येक गोदामात पोतं-पोतं बघत फिरत नाही. तेव्हा पहिली सवय ही लावायची की संग्रहाच्या संकेतस्थळावर जायचं आणि तिथल्या शोधचौकटीत विचारायचं. इंटरनेट आर्काइव्ह हे १९९६ साली सुरू झालेलं असंच एक अवाढव्य गोदाम आहे. तिथे जुन्या मराठी पुस्तकांच्या हजारो प्रती मोफत वाचता येतात. नोएडातल्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेनं कामगार इतिहासकारांच्या संघटनेबरोबर १९९८ साली खास भारतीय कामगारांचा संग्रह उभा केला. त्यात संघटनांचे कागद आहेत आणि लोकांच्या तोंडून ऐकून नोंदवलेल्या आठवणीही आहेत.

बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी

आपल्या आईच्या स्वयंपाकघरात बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी असते आणि श्रीखंडाच्या डब्यात हिंग-हळद. आईला काही अडचण येत नाही. पण सून नवी असेल, तर सगळे डबे उघडून पाहावे लागतात.

संग्रहातल्या प्रत्येक वस्तूवर एक चिठ्ठी असते: काय आहे, कुणी केलं, कधी, कुठे. हिला मेटाडेटा म्हणतात. आपण इथून पुढे चिठ्ठीच म्हणू. शोधचौकट बहुतेक वेळा वस्तू वाचत नाही, चिठ्ठी वाचते. आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं, तेवढंच तिच्यावर असतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. तिथले दोन संग्रह घरबसल्या बघता येतात. एक लुईस हाइनचा. १९०८ पासून पुढे बरीच वर्षं तो गिरण्यांत, खाणींत, रस्त्यांवर काम करणाऱ्या मुलांचे फोटो काढत फिरला आणि जमेल तिथे मुलाचं नाव, वय, काम, मजुरी लिहीत गेला. त्या नावांवरून पुढे कितीतरी मुलांचे वंशज शोधता आले. दुसऱ्या संग्रहात डोरोथिया लँगचा एक फोटो आहे, १९३६ सालचा, जगप्रसिद्ध. हात गालाशी टेकवलेली शेतमजूर आई, खांद्यांशी तोंड लपवलेली मुलं. लँगनं तिचं नाव विचारलं नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं १९७८ साली, म्हणजे ४२ वर्षांनी, आणि त्या बाईंना आपला चेहरा असा गाजल्याचं दुःखच होतं. दोन्ही फोटोग्राफर कष्टकऱ्यांच्या बाजूचे होते. फरक पडला तो चिठ्ठीनं.

आता आपल्याकडे बघा. महात्मा फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीनं १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो टिकला, कारण 'ज्ञानोदय' या मिशनरी नियतकालिकानं छापला. 'ज्ञानोदय'च्या डब्यात मुक्ताबाई आहेत, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो मूळ जागी सापडतो.

पुण्यातच सुरुवात करू

पुण्याच्या पेठांचा नकाशा हीच एक चिठ्ठी आहे. तांबट आळी, बुरूड आळी, कागदीपुरा, कुंभारवाडा. कोण काय करत होतं ते गल्लीनं जपून ठेवलं. त्यातलं एक नाव घ्या, समजा तांबट आळी, आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड उघडा. तो पुणे जिल्ह्याचा आहे, १८८५ सालचा, तीन भागांत. गॅझेटियर म्हणजे इंग्रज सरकारनं तयार केलेली जिल्ह्याची सविस्तर माहितीवही. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागानं आणि इंटरनेट आर्काइव्हनं तो मोफत उपलब्ध केला आहे. त्यातल्या हस्तव्यवसायांच्या प्रकरणात तांब्या-पितळेची भांडी, रेशमाचं विणकाम, जरीची तार, काचेच्या बांगड्या, हस्तिदंती फण्या, कागद अशा पुण्याच्या कामांची वर्णनं आहेत. कच्चा माल कुठून येतो, हत्यारं कोणती, कामाची पद्धत काय, हे इतकं बारकाईनं लिहिलंय की वाचताना ठोक्यांचा आवाज येतो.

एक अडचण आधीच सांगतो. तिथे "पुणे" शोधून काही मिळणार नाही. इंग्रजी कागदांत पुण्याचं स्पेलिंग पी, डबल ओ, एन, ए. खडकी "किरकी" होते. हमालाला तिथे "कुली" म्हटलंय. हा शब्द लिहिताना हात अडतो, माझाही अडला. पण त्या काळच्या चिठ्ठीवर तोच आहे, म्हणून शोधताना तो टंकावा लागतो. मराठीतही तसंच. एकोणिसाव्या शतकात "कामगार" हा शब्द आजच्या अर्थानं फारसा रुळलेला नव्हता. "कामकरी", "मजूर", "गिरणी" शोधा.

कामाचे शब्द अडले तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शब्द टाकून शोधता येतात. मी एका रविवारी "मठारणे" (हातोडीच्या ठोक्यांनी भांडं कडक करणं) शोधायला बसलो आणि दोन तास उठलो नाही. एकेका धंद्याचे किती शब्द! आरी, ऐरण, सांडस, भाता. यातले निम्मे माझ्या आजीच्या तोंडी होते.

विसाव्या शतकासाठी दोन दारं. मुंबई सरकारचं 'लेबर गॅझेट' १९२१ पासून दरमहा निघू लागलं. त्यात संपांच्या नोंदी असत आणि पुण्यासह काही शहरांतले धान्याचे किरकोळ भाव असत. ज्वारीचा भाव एका बाजूला, मजुरी दुसऱ्या बाजूला ठेवली की त्या महिन्यात घरात किती भाकरी थापल्या गेल्या असतील, याचा अंदाज येतो. दुसरं दार आपल्या गावातलंच. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची मोठी पाहणी केली. तिचे भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. कोण काय काम करतं, कुठून आलं, घरात किती माणसं, कमाई किती, असं सगळं घरोघर जाऊन विचारलेलं. त्या तक्त्यांमध्ये आपली पणजी एक आकडा म्हणून बसलेली असते, हे मनात ठेवून वाचलं तर तक्ते रुक्ष वाटत नाहीत.

जात्यापाशी

सगळ्यात श्रीमंत गोदाम मात्र कागदाचं नाही, आवाजाचं आहे.

पहाटे जातं ओढताना बायका ओव्या म्हणत. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओव्या थांबल्या. पुण्यात राहून काम करणारे गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या कार्यकर्त्यांबरोबर त्या गोळा करायला घेतल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकीय नोंद उभारली आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलं. २०१७ पासून पत्रकार पी. साईनाथ यांच्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या क्रमाक्रमानं येत आहेत. तिथे ओवी ऐकता येते, मराठीत वाचता येते, आणि खाली चिठ्ठी असते: गाणारीचं नाव, गाव, तालुका, वय, मुलंबाळं, व्यवसाय.

ही चिठ्ठी वाचताना माझे डोळे भरून आले होते, ते लपवायचं कारण नाही. शेतमजूर बाई, शाळेची पायरी न चढलेली, आणि तिच्या नावानं कवयित्रीसारखी नोंद! आयुष्यभर जिचं नाव अमक्याची आई, तमक्याची सून इतकंच होतं, तिचं.

या ओव्यांतल्या बऱ्याच गाणाऱ्या मुळशी तालुक्यातल्या आहेत. आता दोन गोदामं एकमेकांशेजारी ठेवून बघा. मुळशीचं धरण कशासाठी झालं? टाटांना वीज हवी होती, मुंबईतल्या गिरण्या चालवायला. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो या जमिनींसाठी. म्हणजे मुंबईत गिरणीचा भोंगा वाजायचा, त्या विजेखाली मुळशीतल्या बाईचं शेत बुडालेलं होतं. गिरणीचा कागद एका संग्रहात, सत्याग्रहाचा दुसऱ्या, बाईचा आवाज तिसऱ्या. ते एका ठिकाणी आणायचं काम अजून वाचणाऱ्यालाच करावं लागतं.

"हे कष्टांचं झालं, यात कला कुठे आहे?"

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. कला म्हणजे भिंतीवर टांगलेली चौकट, असं मनात धरलं की असं वाटतं. तांब्याच्या हंड्यावर तांबट हातोडीनं हजारो एकसारखे ठोके देतो, त्याला मठारकाम म्हणतात. त्यानं पत्रा कडक होतो आणि ठोक्यांच्या नक्षीवर उजेड खेळतो. मजबुती आणि देखणेपण एकाच ठोक्यात. पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय अशाच रोजच्या वस्तूंचं आहे. तिथले दिवे, अडकित्ते बघून या, मग गॅझेटियरमधलं हस्तव्यवसायांचं प्रकरण पुन्हा वाचा. वेगळंच कळतं.

आणि शाहिरी? अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं. चाळीत, गिरणीच्या फाटकाशी, मैदानात हजारो लोक त्यांना ऐकायचे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत देशाचं राजकारण पोचलं ते पोवाड्यातून आणि लावणीच्या चालीतून. शोधताना इथेही चिठ्ठी बदलते. तमाशाला सरकारी बंदी आल्यानंतरच्या काळात "लोकनाट्य" हा शब्द रुळला. दोन्ही शब्दांनी शोधलं नाही, तर अर्धा माल गोदामातच राहतो.

"साहेबानं लिहिलेलं खरं कसं मानायचं?"

आंधळेपणानं मानायचं नाहीच. १८८५ च्या गॅझेटियरमध्ये एकेका जातीबद्दल कष्टाळू, उधळे, अस्वच्छ असे शेरे बेधडक मारलेले आहेत. ते शेरे माहिती नव्हेत, ते लिहिणाऱ्याच्या खुर्चीची उंची सांगतात. मी एक साधा नियम पाळतो. हत्यार, भाव, मजुरी, तास याबद्दल तो काय म्हणतो ते टिपून घ्यायचं. स्वभावाबद्दल म्हणतो ते बाजूला ठेवायचं आणि त्याच काळात त्या लोकांच्या बाजूनं कुणी लिहिलं होतं का, ते बघायचं.

पुण्याच्या बाबतीत उत्तर समोरच आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी इथे सत्यशोधक समाज स्थापन झाला. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथूनच 'दीनबंधु' काढलं. पुढे १८८० साली ते मुंबईत लोखंड्यांनी हाती घेतलं आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी छापत राहिले. १८९० साली गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली, १८९१ च्या कारखाना कायद्यात ती आली. भाचीला हवं होतं ते उत्तर हे. एका तारखेच्या मागे असलेली दहा वर्षांची छापील ओरड.

१९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगाचे साक्षीचे खंडही असेच वाचावेत. पहिला खंड मुंबई इलाख्याचा. त्यात तोंडी साक्षी सवाल-जवाबाच्या रूपात आहेत. एकाच प्रश्नाला मालक काय सांगतो आणि कामगारांचा माणूस काय सांगतो, ते पानं उलटून ताडून बघता येतं.

"सगळं इंग्रजीतच आहे की!"

बरंच आहे, हे खरं. पण मराठीही कमी नाही. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. मराठी विश्वकोश संपूर्ण ऑनलाइन आहे. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यांतला दहावा खंड ते १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, मजूर खातं सांभाळत होते, तेव्हाचा आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा. बलुतेदारी मुळात कशी चाले, ते समजायला तो हवाच.

खरी अडचण भाषेपेक्षा वेगळी आहे. स्कॅन केलेलं पान म्हणजे पानाचा फोटो. त्यातली अक्षरं यंत्रानं ओळखून मजकूर करणं, याला ओसीआर म्हणतात. पहिलीतलं पोर अक्षर लावून लावून वाचतं, तसं यंत्र वाचतं. जुन्या छपाईची जोडाक्षरं, पुसट मात्रा, शब्दांवरचे अनुस्वार आले की अडखळतं. "गिरणी"चं "गिरणा" होऊन बसतं. म्हणून जुन्या मराठी पुस्तकात शब्द शोधून मिळाला नाही, तर तो नाही असं समजू नका. अनुक्रमणिका उघडा आणि पानं चाळा, जशी लायब्ररीत चाळली असती.

"फुकट आहे, मग उचलायला काय हरकत?"

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत लेखनावर हक्क राहतो. आंबेडकर १९५६ साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं त्यांचं लेखन आता सर्वांचं आहे. अण्णाभाऊ १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ च्या अखेरीपर्यंत आहे. नारायण सुर्वे २०१० साली गेले, तेव्हा त्यांच्या कविता अजून खूप वर्षं. स्वतःच्या अभ्यासापुरतं वापरणं वेगळं आणि सगळं पुस्तक व्हॉट्सअॅपवर फिरवणं वेगळं. ज्यानं घाम गाळून लिहिलं, त्याच्या घरच्यांच्या तोंडचा घास कष्टकऱ्यांच्या प्रेमापोटी काढून घेऊ नये, एवढं मला कळतं.

कायद्याच्या पलीकडचीही एक गोष्ट आहे. फ्लॉरेन्सबाईंना विचारलं नव्हतं. आपण कचरावेचक मावशींचा, हमालदादांचा फोटो काढतो, तेव्हा विचारतो का? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. आज त्या बायकांच्या गळ्यात ओळखपत्र असतं आणि त्यावर नाव असतं. चिठ्ठी त्यांनी स्वतः मिळवलेली आहे. निदान ती वाचून नावानं हाक मारावी.

घरातली ट्रंक

आजोबांच्या बिल्ल्याबद्दल नेटवर काही मिळालं का? त्या नंबराबद्दल नाही. मग मी आत्याकडे गेलो. ती ऐंशीच्या घरात आहे. फोनचं रेकॉर्डिंग चालू करू का विचारलं, ती हो म्हणाली आणि पाऊण तास बोलली. भोंग्याबद्दल, डब्यात कांदा-भाकरी बांधून देण्याबद्दल, संपाच्या दिवसांत शेजारणीनं न सांगता पीठ आणून ठेवल्याबद्दल.

घरी येऊन बिल्ल्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला, शेजारी पट्टी ठेवली म्हणजे आकार कळेल. फाइलला नाव देताना आजोबांचं पूर्ण नाव आधी लिहिलं, मग गाव, मग काम, वर्षं, सांगणारीचं नाव, रेकॉर्डिंगची तारीख. नंबर सगळ्यात शेवटी. आणि त्याच्यापुढे आत्यानं सांगितलेली एक ओळ: पगाराच्या संध्याकाळी दारात आले की आजी त्यांना मुद्दाम या नंबरानं हाक मारायची, आणि ते "हजर!" म्हणून पाकीट तिच्या हातात द्यायचे.